प्रोसीजर होती, पण अ‍ॅपला दिसत नव्हती: एका व्याज आकारणीचं प्रकरण

गांधी जयंतीच्या सुट्टीनंतर पतसंस्था उघडली आणि अकराच्या सुमाराला तिथल्या शाखाधिकारी मॅडमचा फोन आला. समोर एक निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन बसले होते. त्यांच्या एक लाखाच्या मुदत ठेवीवर सप्टेंबरअखेरचं तिमाही व्याज सव्वाशे रुपयांनी कमी जमा झालं होतं.

“सर, गुरुजी घरून हिशेब मांडूनच आलेत. मीही करून बघितला. ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का लागलेलाच नाही. आणि हे एकट्या गुरुजींचं नाही, मी आणखी चार खाती उघडून बघितली. सगळीकडे तेच.”

एक लाखावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाचशे, तिमाहीला १२५. रक्कम लहान, पण फरक पैशापर्यंत जुळत होता. फरक असा चोख जुळतो तेव्हा गणित चुकलेलं नसतं, अख्खा नियमच गळलेला असतो.

आधी आमची मांडणी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमचं सॉफ्टवेअर अनेक पतसंस्था वापरतात. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, तो चालवणारं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर, आवृत्त्या मात्र जिची तिची. व्याजाची सर्वसाधारण पद्धत अ‍ॅपमध्येच आहे. एखाद्या संस्थेच्या संचालक मंडळाने वेगळा नियम ठरवला, की त्या संस्थेच्या डेटाबेसमध्ये ‘डीबीओ.विशेष_ठेवव्याज’ या ठरलेल्या नावाची एक स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम, ठेवायची. व्याज आकारणी सुरू करताना अ‍ॅप डेटाबेसला विचारतं, या नावाची प्रोसीजर आहे का? असेल तर ती चालवतं, नसेल तर सर्वसाधारण पद्धत. ही रचना एसक्यूएल सर्व्हर २००० च्या काळातली. तिच्यामुळे प्रत्येक संस्थेसाठी अ‍ॅपची वेगळी आवृत्ती सांभाळावी लागली नाही, आणि तेव्हा ती शहाणपणाचीच होती असं मला आजही वाटतं.

या संस्थेत ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का त्या विशेष प्रोसीजरमध्ये होता. शनिवारी रात्री आम्ही तिची नवी आवृत्ती चढवली होती. बदल किरकोळ होता, रुपयाच्या पूर्णांकनाचा. सोमवारी, ३० तारखेला, व्याज पडलं.

शोध

साहजिकच पहिला संशय शनिवारच्या बदलावर गेला. मी माझ्या लॉगिनने, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनने, मॅनेजमेंट स्टुडिओ हा सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम उघडला. प्रोसीजर जागेवर होती. आतला कोड वाचला, अर्धा टक्का होता. गुरुजींच्या ठेवीचा क्रमांक देऊन हाताने चालवली, उत्तर बरोबर आलं.

मग अ‍ॅपचा लॉग काढला. सोमवारच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘विशेष प्रोसीजर आढळली नाही. सर्वसाधारण पद्धतीने आकारणी.’

डोळ्यांसमोर असलेली वस्तू अ‍ॅपला आढळली नाही, हे मला पटेना. पुढचे दोन तास मी अ‍ॅपने चुकीच्या ठिकाणी पाहिलं असेल या एकाच दिशेने शोधत राहिलो. ते दोन तास वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण ज्या शंका तपासल्या त्या सगळ्या खऱ्याखुऱ्या घडणाऱ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅप दुसऱ्याच डेटाबेसला जोडलं गेलंय का? स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘यूज’ लिहून कोणता डेटाबेस ते सांगायचं राहिलं, की प्रोसीजर गुपचूप सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये जाऊन बसते. तयार करताना एरर येत नाही, आणि स्क्रिप्ट चालवणारा निश्चिंत होतो. आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर अशी एक जुनी प्रोसीजर मास्टरमध्ये सापडलीही. पण इथे अ‍ॅपच्या जोडणीतून ‘डीबी_नेम’, म्हणजे जोडलेल्या डेटाबेसचं नाव, विचारलं तर उत्तर बरोबर आलं.

स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला वस्तू ठेवायचा कप्पा, चुकलाय का? नावाआधी स्कीमा लिहिला नाही, तर सर्व्हर आधी त्या यूजरच्या ठरलेल्या स्कीमात बघतो, मग डीबीओमध्ये. आमच्या कोडमध्ये ‘डीबीओ.’ पूर्ण लिहिलेलं होतं. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक? डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे अक्षरं ताडून पाहायचे नियम, अक्षरभेद मानणारं असेल तर एका मोठ्या अक्षरानेही नाव वेगळं ठरतं. तेही नव्हतं.

वस्तूचा प्रकार? आम्ही ‘ऑब्जेक्ट_आयडी’ या वस्तूचा क्रमांक देणाऱ्या फंक्शनला नावासोबत दुसरा आर्ग्युमेंट ‘पी’ देतो, म्हणजे फक्त प्रोसीजर. त्याच नावाचा सिनोनिम, म्हणजे दुसऱ्या वस्तूचं टोपणनाव, असेल तर हे फंक्शन नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं, आणि नल म्हणजे नाही असं समजून तुम्ही ‘क्रिएट प्रोसीजर’ चालवलं की सर्व्हर २७१४ क्रमांकाचा एरर देतो: या नावाची वस्तू आधीच आहे. एकदा दुसऱ्या संस्थेत आम्ही यात अडकलो होतो, म्हणून तेही पाहिलं. सिनोनिम नव्हता.

शेवटी अ‍ॅपची सेवा बंद करून पुन्हा सुरू केली आणि चाचणीची आकारणी चालवली. लॉगमध्ये पुन्हा तीच ओळ.

या सगळ्या वेळात एक खूण समोरच होती आणि मी तिच्यावरून पुढे गेलो. ‘सिस.प्रोसीजर्स’ या सर्व्हरच्या यादीत प्रत्येक प्रोसीजरच्या दोन तारखा असतात, तयार केल्याची आणि शेवटच्या बदलाची. ही प्रोसीजर कित्येक वर्षं जुनी. तरी तिची तयार केल्याची तारीख शनिवार रात्रीची होती. मी बदलाची तारीख पाहायला गेलो होतो, ती शनिवारची दिसली, माझं समाधान झालं. दोन्ही तारखा एकच आहेत हे डोळ्यांना दिसलं, डोक्यापर्यंत गेलं नाही.

गाठ सोडवली ती आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या सहकाऱ्याने. तो शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “सर, हे सगळं आपण आपल्या लॉगिनने विचारतोय. अ‍ॅपच्या यूजरने विचारून बघितलं का?”

त्यासाठी अ‍ॅपचा पासवर्ड लागत नाही. ‘एक्झिक्युट अ‍ॅज यूजर’ देऊन आपल्याच खिडकीत त्या यूजरची ओळख घेता येते, आणि काम झालं की ‘रिव्हर्ट’. आम्ही ओळख बदलली आणि ‘ऑब्जेक्ट_आयडी’ला तोच प्रश्न विचारला. उत्तर: नल. ‘सिस.प्रोसीजर्स’मध्ये शोधलं, एकही ओळ नाही. त्याच खिडकीत, त्याच ओळखीने, प्रोसीजर सरळ चालवून पाहिली. या वेळी एरर आला, क्रमांक २२९: या वस्तूवर एक्झिक्युटची परवानगी नाकारली आहे.

वस्तू नसती तर हा एरर आला नसता. नसलेली प्रोसीजर चालवायला गेलं की २८१२ येतो, ‘सापडली नाही’. म्हणजे एकाच यूजरला एकाच मिनिटात सर्व्हरने दोन उत्तरं दिली होती. यादी मागितली तर प्रोसीजर नाही, आणि चालवायला गेलं तर आहे, पण तुला मुभा नाही.

हे का घडतं

हा सर्व्हरचा दोष नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये डेटाबेसमध्ये शिरलेला कुणीही ‘सिसऑब्जेक्ट्स’ ही वस्तूंची यादी वाचू शकत असे आणि त्यात सगळ्या वस्तू दिसत. २००५ च्या आवृत्तीपासून हे बदललं. तेव्हापासून ज्या वस्तूची मालकी तुमच्याकडे आहे किंवा जिच्यावर तुम्हाला कोणतीतरी परवानगी आहे, तेवढीच वस्तू तुम्हाला कॅटलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या अशा याद्यांमध्ये, दिसते. ‘सिसऑब्जेक्ट्स’ जुन्या कोडसाठी ठेवलाय, पण तोही याच गाळणीतून जातो. ‘ऑब्जेक्ट_आयडी’ही तसंच. त्याच्या नलमध्ये ‘अशी वस्तूच नाही’, ‘आहे, पण दुसऱ्या प्रकारची’ आणि ‘आहे, पण तुला दाखवायची नाही’ ही तिन्ही उत्तरं एकत्र झालेली असतात. आपण ‘इज नल’ लिहितो आणि त्यातलं फक्त पहिलं उत्तर ऐकतो.

पण मग इतकी वर्षं कसं चाललं? याचं उत्तर दोन महिने आधीच्या एका चांगल्या कामात होतं. तोपर्यंत अ‍ॅपचा यूजर ‘डीबी_ओनर’ या भूमिकेत होता, त्याला सगळं दिसे, सगळं चालवता येई. लेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवलं आणि ते बरोबरच होतं. आम्ही ती भूमिका काढली, टेबलांवर लागेल तेवढे अधिकार दिले आणि प्रत्येक प्रोसीजरवर वेगवेगळा ‘ग्रँट एक्झिक्युट’, म्हणजे चालवायची परवानगी, दिला. सगळं तपासलं, सगळं चाललं.

त्यानंतरचा पहिला रिलीज म्हणजे तो शनिवार. आमची स्क्रिप्ट जुन्या सवयीची: प्रोसीजर आहे का बघा, असेल तर ‘ड्रॉप’ करा, म्हणजे काढून टाका, मग ‘क्रिएट’ करा. परवानगी नावावर नोंदलेली असते असं आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात ती वस्तूच्या अंतर्गत क्रमांकाला जोडलेली असते. ‘ड्रॉप’ झालं की तो क्रमांक जातो आणि त्याच्यासोबत त्याच्या परवानग्याही. नवी प्रोसीजर त्याच नावाने येते, पण नवा क्रमांक घेऊन आणि रिकाम्या हाताने. तयार केल्याची तारीख नवी दिसत होती ती याचमुळे. ‘सिस.डेटाबेस_परमिशन्स’मध्ये या प्रोसीजरच्या क्रमांकापुढे एकही नोंद नव्हती, बाकीच्या सगळ्यांपुढे होती. चाचणीच्या सर्व्हरवर अ‍ॅपचा यूजर अजून ‘डीबी_ओनर’च होता, त्यामुळे तिथे हे कधीच उघडकीला आलं नसतं.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढचं. अ‍ॅपने आधी काही न विचारता प्रोसीजर सरळ चालवली असती, तर सोमवारी संध्याकाळीच २२९ आला असता, आकारणी थांबली असती, मॅडमनी फोन केला असता आणि दहा मिनिटांत ‘ग्रँट’ देऊन काम पुढे गेलं असतं. एकाही सभासदाच्या पासबुकात चुकीची रक्कम छापली गेली नसती. ‘आहे का’ ही तपासणी एरर टाळण्यासाठी लिहिलेली होती. तिने एरर टाळला, आणि चुकीचं व्याज बिनबोभाट जमा केलं.

दुरुस्ती

त्या दिवशीची दुरुस्ती सरळ होती. परवानगी दिली, अ‍ॅपच्या ओळखीने पुन्हा खात्री केली, ज्येष्ठ नागरिकांच्या सर्व ठेवींवरचा फरक काढला. मूळ नोंदी उलटवायच्या की फक्त फरक जमा करायचा, यावर व्यवस्थापकांशी बोलणं झालं. पासबुकं छापून गेलेली होती, म्हणून ‘व्याज फरक’ अशी वेगळी नोंद टाकायचं ठरलं.

स्क्रिप्टचा प्रश्न जास्त खोल होता. एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ‘क्रिएट ऑर ऑल्टर’ मिळतं. प्रोसीजर नसेल तर ते तयार करतं, असेल तर आहे तीच वस्तू ठेवून आतला कोड बदलतं, परवानग्यांना धक्का लागत नाही. जिथे ही आवृत्ती आहे तिथे ‘आहे का’ हा प्रश्न स्क्रिप्टमधून काढूनच टाकला. पण या संस्थेचा सर्व्हर २०१४ चा. तिथे ‘इफ’ लावून आत ‘क्रिएट प्रोसीजर’ लिहिता येत नाही, कारण ‘क्रिएट प्रोसीजर’ हे बॅचमधलं, म्हणजे सर्व्हरला एकत्र पाठवलेल्या विधानांच्या गठ्ठ्यातलं, पहिलंच विधान असावं लागतं. म्हणून जुनी वाट अशी, की प्रोसीजर नसेल तर ‘एक्झेक’च्या अवतरणात एक पोकळ प्रोसीजर तयार करायची, आणि पुढच्या बॅचमध्ये ‘ऑल्टर’ने खरा कोड भरायचा. ‘ऑल्टर’ परवानग्या राखतं.

या वाटेवर एक खड्डा आहे. तो सांगताना मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण अनेक तयार नमुन्यांमध्ये तो तसाच असतो. पोकळ प्रोसीजरमध्ये लोक ‘रिटर्न ०’ लिहितात. आता समजा पोकळी तयार झाली आणि पुढचं ‘ऑल्टर’ एखाद्या स्वल्पविरामावर अडलं. स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘एसक्यूएलसीएमडी’ला ‘डॅश बी’ हा ‘एरर आला की थांब’ सांगणारा पर्याय दिलेला नसेल तर ते एररनंतरही पुढच्या बॅचकडे जातं, आणि गर्दीत तो एरर नजरेतून सुटतो. डेटाबेसमध्ये आता प्रोसीजर आहे, नाव बरोबर, परवानगीही शेवटच्या ओळीने दिलेली. अस्तित्वाची कोणतीही तपासणी ‘आहे’ म्हणेल. आणि चालवली की ती काहीही न करता यशस्वी झाल्याचं सांगेल. आमच्या बाबतीत म्हणजे व्याज शून्य. म्हणून आमच्या पोकळ प्रोसीजरमध्ये आता मुद्दाम एरर देणारा ‘रेजएरर’ आहे, सोळाव्या पातळीचा, ‘ही प्रोसीजर अपूर्ण चढवली आहे’ या मजकुरासह. आणि ‘डॅश बी’ सक्तीचं.

परवानगीच्या बाजूने दोन मतं पुढे आली. एक असं, की अ‍ॅपच्या यूजरला ‘व्ह्यू डेफिनिशन’ द्यावं, म्हणजे त्याला प्रोसीजर दिसत राहील. मी त्याला नाही म्हटलं. दिसणं आणि चालवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढ्याने तपासणी ‘आहे’ म्हणाली असती आणि चालवताना २२९ आला असता. शिवाय त्या परवानगीने आतला कोडही वाचता येतो, जो अ‍ॅपला वाचायची गरज नाही. दुसरं मत आम्ही स्वीकारलं: अ‍ॅपने चालवायच्या प्रोसीजर एका स्वतंत्र स्कीमात ठेवायच्या आणि ‘एक्झिक्युट’ त्या अख्ख्या स्कीमावर द्यायचं. मग आतली प्रोसीजर कितीदाही ‘ड्रॉप’ होऊन परत आली, तरी परवानगी वरून मिळत राहते. स्कीमाचा मालक मात्र डीबीओच ठेवला. मालक वेगळा झाला असता तर प्रोसीजरमधून टेबलांपर्यंत जाणारी मालकीची साखळी तुटली असती आणि टेबलांवर नव्याने परवानग्या मागत बसावं लागलं असतं.

अ‍ॅपमधला बदल माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. या संस्थेत विशेष नियम आहे की नाही, हे संचालक मंडळाने ठरवलेलं असतं. ते डेटाबेसमध्ये कोणती वस्तू दिसते यावरून ओळखायचं, हीच मूळ गफलत. आता सेटिंगच्या टेबलात ते स्पष्ट नोंदवलंय, प्रोसीजरच्या पूर्ण नावासह. नोंद ‘हो’ असेल तर अ‍ॅप प्रोसीजर सरळ चालवतं. २८१२ आला तर थांबतं, २२९ आला तरी थांबतं, आणि कोणता आला ते पडद्यावर मराठीत लिहून सांगतं. सर्वसाधारण पद्धतीकडे आपल्या मनाने वळत नाही.

रिलीजनंतरची तपासणी अजूनही आहे, पण प्रश्न बदलला. स्क्रिप्टच्या शेवटी अ‍ॅपच्या यूजरची ओळख घेऊन ‘हॅज_पर्म्स_बाय_नेम’ला विचारतो, या यूजरला ही प्रोसीजर चालवता येते का? उत्तर १ आलं तर रिलीज पूर्ण. दुसरं काहीही आलं तर अपूर्ण.

दुसऱ्या डेटाबेसांवर काम करणाऱ्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा प्रत्येकाकडे आपापली बाजू निघाली. ओरॅकलमध्ये ‘यूजर_ऑब्जेक्ट्स’, ‘ऑल_ऑब्जेक्ट्स’ आणि ‘डीबीए_ऑब्जेक्ट्स’ अशा तीन याद्याच आहेत, त्यामुळे कोणाच्या नजरेतून बघतोय हे नावातच दिसतं. अवतरणाशिवाय दिलेली नावं तिथे मोठ्या अक्षरांत साठवतात, लहान अक्षरांत शोधलं तर काही मिळत नाही. आणि चुकीचा कोड चढवला तरी प्रोसीजर यादीत येते, फक्त तिची स्थिती ‘इनव्हॅलिड’ असते, म्हणून नाव सापडल्यावर स्थितीही बघायची. पोस्टग्रेसमध्ये प्रोसीजर हा प्रकार ११ व्या आवृत्तीत, २०१८ मध्ये आला. तिथली ‘पीजी_प्रॉक’ ही यादी सगळ्यांना वाचता येते, म्हणजे आमच्या उलट, परवानगी नसली तरी नाव दिसतं. पण एकाच नावाच्या, वेगवेगळ्या आर्ग्युमेंटच्या अनेक प्रोसीजर असू शकतात, म्हणून आर्ग्युमेंटचे प्रकार देऊन ‘टू_रेगप्रोसीजर’ने विचारावं लागतं. मायएसक्यूएलला ८.०.२९ पासून ‘क्रिएट प्रोसीजर इफ नॉट एक्झिस्ट्स’ आलंय. ते वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावं की प्रोसीजर आधीच असेल तर जुना कोड तसाच राहतो, नवा चढत नाही.

आठवडाभरात आम्ही सगळ्या संस्थांचे डेटाबेस एकाच प्रश्नाने तपासले: प्रशासकाला विशेष प्रोसीजर दिसते, पण अ‍ॅपच्या यूजरला ती चालवता येत नाही, असं कुठे आहे? आणखी दोन ठिकाणी सापडलं. एकीकडे व्याज सहामाही पडतं, त्यामुळे आकारणीआधीच परवानगी देता आली. दुसरीकडे विशेष नियम आवर्ती ठेवीच्या उशिरा भरलेल्या हप्त्यांचा होता. संचालक मंडळाने ठरावीक दिवसांपर्यंतचा दंड माफ केला होता, आणि महिनाभर अ‍ॅप तो दंड कापत होतं. तिथून एकही तक्रार आली नव्हती. हप्ता उशिरा भरलेला माणूस दंड का कापला हे विचारायला काउंटरवर जात नाही. यादी काढली, प्रत्येकाच्या खात्यात दंड परत जमा केला, आणि त्या शाखेला सांगून प्रत्येक सभासदाला तसं पत्र पाठवलं.